जीपनं पिऊन टाकलेलं पाणी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जीपनं मावशीच्या वाटणीचं पाणी पिऊन टाकलं. पाजलं मीच. पण आई वर्षभर दोष जीपलाच देत राहिली, आणि जीपला उलट बोलता येत नसल्यामुळं तिच्या वतीनं मी ऐकून घेत राहिले.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. बारा वर्षांपूर्वी तिनं दीक्षा घेतली आणि ती जैन आर्यिका झाली. तेव्हापासून अंगावर एक पांढरी साडी, एका हातात मोरपिसांची पिंछी, दुसऱ्या हातात कमंडलू आणि पायांत काही नाही. गाडीत ती बसत नाही. जिथं जायचं तिथं चालत जाते. दिवसातनं एकदाच, सकाळी, ओंजळीत आहार घेते. पाणीही त्याच वेळी. नंतर दुसऱ्या दिवशीच्या आहारापर्यंत थेंब नाही, मग बाहेर मे महिना असो की काही असो. आणि ते पाणीही कुठलंही चालत नाही. विहिरीचं, त्याच सकाळी उपसलेलं, दुहेरी फडक्यातनं गाळून तापवलेलं लागतं. आईला तिला आता बहीण म्हणता येत नाही. माताजी म्हणायचं आणि वाकून नमस्कार करायचा. जिच्या लहानपणी वेण्या घातल्या तिच्यापुढं वाकताना आईला काय वाटतं, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ओरडली असती.

मी स्वतः देवळात आईच्या सोबतीपुरती जाणारी. टिळकवाडीत राहते, बेळगावच्या एका कॉलेजात बारावीला फिजिक्स शिकवते, आणि माझं डोकं कुठल्याही इंजिनाआधी तापतं. जीप अण्णांची, म्हणजे वडिलांची. ते गेल्यावर ती विकायचं घाटत होतं, तेव्हा मीच आडवी आले. चालवायला मला आवडते, एवढंच कारण.

तर गेल्या उन्हाळ्यात मावशी निपाणीहून बेळगावकडं विहाराला निघाली, म्हणजे मुक्काम करत करत चालत. हायवेवर ट्रकांची रीघ असते, त्यामुळं चालणाऱ्यांच्या मागं दिवे लुकलुकवत एक गाडी ठेवावी लागते. ते काम माझ्याकडं आलं. मागच्या बाजूला आईचा सगळा चौका भरला होता: शेगडी, भांडी, घरी दळलेली पिठं, आणि निपाणीजवळच्या आमच्या गावच्या विहिरीचं गाळलेलं पाणी दोन कॅनमधनं. घाटमाथ्यावर ज्या मळ्यात त्या दिवशीचा आहार व्हायचा होता तिथली विहीर उन्हाळ्यात आटते, म्हणून पाणी गावाहूनच न्यायचं. तवंदीच्या घाटात निम्म्यावर जीपच्या बॉनेटमधनं वाफ निघाली. आई आणि मावशी पुढं निघून गेल्या होत्या. मी कुणाला विचारलं नाही. वाफ ओसरू दिली आणि हाताला लागले ते दोन्ही कॅन रेडिएटरमध्ये ओतले.

वर पोचल्यावर आईनं कॅन उचलला, तो हलका लागला. तिनं दुसराही उचलून बघितला. आसपास विहीर नव्हती, नळाचं पाणी चालणार नव्हतं, आणि आहाराची वेळ निघून गेली. मावशीला कळलं तेव्हा तिनं पिंछी उचलून आम्हाला आशीर्वाद दिला आणि चिंचेच्या सावलीत जाऊन बसली. तो दिवस तिचा उपवास झाला, पाण्याशिवायचा. संध्याकाळी ती पुन्हा चालायला उठली. हॉटेलातलं पाणी भरून मी जीप तिच्या मागं घेतली आणि त्या भेगाळलेल्या टाचांकडं बघत चार किलोमीटर गाडी हाकली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. लाजेबरोबर दुसरंही काहीतरी वाटत होतं, त्याला आश्चर्य म्हटलं तर ते थोडं होईल. लोखंडाची गाडी एका चढाला दोन कॅन पाणी पिऊन खलास झाली होती, आणि पासष्टीची बाई कोरड्या तोंडानं चालत होती.

आई माझ्याशी बोलली ती दुसऱ्या दिवशी. "तुझ्या गाडीनं माझ्या बहिणीचं पाणी पिलं," ती म्हणाली. दीक्षेनंतर बहीण हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

यंदा मावशी पुन्हा त्याच वाटेनं येणार असं कळलं, तशी मी जीप घेऊन मच्छेला गेले. तिथं कारखान्यांच्या मागच्या गल्लीत आमचे जुने मिस्त्री आहेत. मूळचे खानापूर तालुक्यातले शेतकरी. गाडीचं बॉनेट असं उघडतात, जणू झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण काढतायत. त्यांनी इंजिन चालू ठेवलं आणि रेडिएटरमागच्या लोखंडी पंख्याकडं बोट केलं.

"आक्का, ह्यो पंखा इंजनाच्या पट्ट्यावर फिरतोय. इंजन पळालं की ह्यो पळणार, इंजन रांगलं की ह्यो बी रांगणार. तुमी माणसाच्या चालीनं घाट चढणार. वारं कुठनं येणार?"

"मग?"

"ह्यो काढायचा. बॅटरीवरचा पंखा लावायचा. इंजन रांगंना का, त्यो आपला जोरातच फिरणार."

हे मला सुचायला हवं होतं, पण ती कबुली मी तिथं दिली नाही. त्यांनी पट्टा सैल केला, चार बोल्ट काढले आणि अण्णांच्या काळापासून फिरणारा तो पंखा माझ्या हातात दिला. चांगलाच जड होता. मग भंगारात निघालेल्या एका छोट्या कारचा पंखा आणून त्यांनी लोखंडी पट्ट्यांवर रेडिएटरच्या मागं, इंजिनाच्या बाजूला बसवला. त्यानं पुढचं वारं जाळीतनं आत ओढायचं. रेडिएटरच्या बगलेत अंगठ्याएवढा एक स्विच बसवला. पाणी ठरावीक तापलं की हा स्विच पंखा सुरू करतो, निवलं की बंद करतो. कुणी हात लावायची गरज नाही.

वायरिंग मी करणार, असा मी हट्ट धरला. मिस्त्रींना खानापूरला लग्नाला जायचं होतं, तरी ते घुटमळत होते. "मी वीजच शिकवते हो," मी जरा चढ्या आवाजात म्हणाले. "शिकवा की, कोन न्हाय म्हनतंय?" ते म्हणाले. "पन चालू झाल्यावर जाळीला म्होरनं एक कागुद लावून बगा. चिकटला पायजे." एवढं सांगून ते गेले. पंख्याच्या दोन्ही वायरी काळ्या आणि सारख्याच तेलकट होत्या. मी फ्यूज घातला, रिले घातला, टोकं जोडली आणि इंजिन चालू ठेवून, डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा दिसेल अशी बाजूला स्टुलावर बसले.

काटा हळूहळू वर सरकला. आणि मग कुणी हात न लावता पंखा एकदम घुमायला लागला. मी दचकून उभी राहिले. वर्षानुवर्षं मी फळ्यावर उष्णतेनं वाकणारी पट्टी काढत आले होते, तिचं टोक दुसऱ्या टोकाला टेकवून विद्युतमंडल पूर्ण झालं म्हणून सांगत आले होते. आज ते माझ्यासमोर खरंच झालं. थोड्या वेळानं पंखा आपला आपण थांबला. तापलं तेवढ्यापुरता फिरला आणि गप्प झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचं कारण मला आजही नीट सांगता येणार नाही. कागदाचं मी साफ विसरले. खरं सांगायचं तर विसरले नव्हते. मला त्याची गरज वाटली नाही.

मच्छेहून निपाणीपर्यंत काटा जागचा हलला नाही. पळत्या गाडीला समोरचं वारं पुरतं, पंखा लागतच नाही, हे मला कळत होतं. तरी मी श्रेय पंख्यालाच दिलं.

विहाराच्या दिवशी आम्ही पहाटेच गावाहून पाणी भरून घाटाच्या पायथ्याशी स्तवनिधीला पोचलो. मावशी आदल्या संध्याकाळीच तिथं आली होती. पायाखालची मुंगी दिसेल एवढा उजेड झाल्याशिवाय ती पाऊल टाकत नाही. तेवढं फटफटलं, तशी ती निघाली, बरोबर गावातल्या चार बाया. आई चप्पल काढून त्यांच्यात सामील झाली.

"तू गाडीत बस की," मी म्हणाले.

"गाडीत भांडी बसूंदेत. मी चालत येतो." आमच्याकडच्या जुन्या बाया असंच बोलतात, येतो-जातो.

चढ सुरू झाला. सगळ्यांत पुढं मावशी, मग बाया, आणि अगदी बॉनेटला लागून आई, जणू जीपनं पुन्हा काही आगळीक करू नये म्हणून पहारा देत. मी पहिल्या गिअरमध्ये. शेजारच्या सीटवर माझी पाण्याची बाटली होती, ती मी पहिल्या वळणाआधीच निम्मी केली. काटा वर गेला. पंखा घुमला. मी मनातल्या मनात मिस्त्रींना हात जोडले आणि काटा खाली यायची वाट बघत राहिले. तो खाली आला नाही. पंखा जीव तोडून फिरत होता आणि काटा वरच चालला होता. पुढच्या वळणापर्यंत तो लाल रेघेपाशी गेला. मागं कॅन हिंदकळल्याचा आवाज येत होता. पुन्हा तेच होणार, पुन्हा माझ्याचमुळं.

तेवढ्यात आई वळली. "बाई, तुझी गाडी माझ्या पायावर गरम वारं सोडतीया की गं. पोटऱ्या भाजाय लागल्यात."

मी ब्रेक दाबला. गरम वारं, आणि गाडीच्या पुढं? पंखा वारं आत ओढत नव्हता. इंजिनाची धग जाळीतनं बाहेर फेकत होता. दोन वायरींची अदलाबदल झाली होती आणि पंखा उलटा फिरत होता. मच्छेला उभ्या गाडीचं इंजिन तेवढ्यावरही निवलं होतं, चढाला ते पुरत नव्हतं. ही चूक बारावीच्या पोरानं केली असती तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं, पंख्याच्या दोन्ही वायरी उपसल्या आणि टोकं बदलून खोचली. बोटं पोळली. पंखा पुन्हा घुमला, पण आता त्याचा आवाज वेगळा होता, भरीव. आई वाकून जाळीपाशी बघत होती. तिच्या पदराचं टोक उडालं आणि जाऊन जाळीला घट्ट चिकटलं.

"ए, सोड म्हणावं! ओढतीया मला!" आई पदर खेचत ओरडली.

मिस्त्रींचा कागद मला तेव्हा आठवला. मी हसत सुटले, आणि रडतही होते. वर दहा पावलांवर मावशी थांबली होती. ती वळून आमच्याकडं बघत होती, आणि हसत होती, पूर्वी दारात तंबाखूची पानं निवडताना हसायची तशी, खांदे हलवून. मग तिनं नजर पुन्हा रस्त्यावर वळवली आणि पाऊल उचललं.

काटा खाली आला. पंखा थांबला. पुढच्या चढाला पुन्हा लागला, पुन्हा थांबला. मुंग्यांची एक लांब रांग रस्ता ओलांडत होती, तिथं मावशीनं सगळ्यांना थांबवलं. ती रांग संपेपर्यंत जीप चढावर चालू इंजिनानं उभी राहिली आणि तापली नाही. घाट एवढा शांत असतो हे मला माहीत नव्हतं. एरवी मी तो चाळीसच्या वेगानं चढत आले होते.

माथा आला तशी मी आईला गाडीत घातलं आणि आम्ही पुढं होऊन मळा गाठला. चूल पेटली, पाणी तापलं, भात झाला. मावशी आली तेव्हा आई दारात हात जोडून उभी होती. "वंदामि माताजी, अत्र तिष्ठ तिष्ठ," ती म्हणाली, इथं थांबा म्हणून विनवायचे ते ठरलेले शब्द. दुसरं तिष्ठ नीट बाहेरच पडलं नाही. मावशी थांबली. आत येऊन बसली. आधी पाणी. आईनं तांब्यातनं धार सोडली, मावशीनं ओंजळ ओठांशी नेली. एक ओंजळ, मग आणखी एक, मग आणखी. एकही थेंब बोटांतनं गळला नाही. दोघींनी एकमेकींकडं बघितलंसुद्धा नाही. मी दाराशी उभी होते. माझा विश्वास नाही म्हणणारी मी, नकळत हात जोडून उभी होते.

आहार झाला, मावशी देवघराच्या खोलीत सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसली, आणि आई भांडी आवरायला लागली. तासाभरानं ती तांब्या घेऊन अंगणात आली. त्यात निम्मं पाणी होतं, चौक्यातलं उरलेलं.

"हे तिला घाल," जीपकडं हनुवटी करून ती म्हणाली. "चाललीया बिचारी एवढं."

रेडिएटर निवला होता. मी फडक्यानं झाकण फिरवलं, उघडलं, आणि आत बघितलं. पाणी तोंडाला आलेलं होतं. मी जरासं ओतलं, ते तसंच बाहेर सांडलं.

"नको म्हणतेय," मी आईला म्हणाले. "भरलेलीच आहे."

आईनं पुढं होऊन स्वतः वाकून बघितलं. मग माझ्या हातातला तांब्या काढून घेतला, बंपरवर टेकली आणि उरलेलं सगळं पाणी गटागटा प्यायली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मावशीचा आहार होईपर्यंत तिनंही पाणी घेतलं नव्हतं. आदल्या दिवशी सूर्य मावळल्यापासून, सबंध घाटभर.