पद्माक्काचा भोंगा

कुपवाडच्या कारखान्यांच्या वसाहतीत, अगदी शेवटच्या गल्लीला, पिवळ्या पत्र्याची एक शेड आहे. त्या शेडमधून बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू ओरडणारी. शेडची मालकीण पद्मावती मगदूम मात्र हळू बोलते. इतकी हळू, की तिच्याशी बोलायचं तर माणसाला हातातलं मशीन बंद करून जवळ यावं लागतं. सगळी गल्ली तिला पद्माक्का म्हणते.

तिचे वडील बाळगोंडा नांद्र्याचे. माधवनगरात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. जत्रेचे, लग्नाचे, प्रचाराचे कर्णे नीट व्हायला तिथंच यायचे. त्या दुकानात पद्माक्का तांब्याची तार गुंडाळायला शिकली. वेढ्याला वेढा लागला की नाही, ते तिच्या बोटांना डोळ्यांआधी कळतं. वडील थकल्यावर तिनं कुपवाडला शेड उभी केली आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांसाठी गाण्याचे बॉक्स करायला घेतले. 'बाळगोंडा साऊंड' अशी लाल अक्षरं टपावर असली, की ट्रॅक्टरवाल्याची मान ताठ.

मग एकदा रेल्वेच्या कामाचा एक ठेकेदार फाटकावरचा जळालेला भोंगा घेऊन आला. पद्माक्कानं तो उघडला, आतली तार पाहिली आणि म्हणाली, "ज्यानं ही गुंडाळली, त्याला घरी जायची घाई हुती." तिनं तो नीट करून दिला. पुढच्या वर्षी दुसरा आला, मग आणखी चार. तेव्हा तिनं मनाशी घेतलं, दुसऱ्याचे किती दिवस नीट करायचे? आपलाच करू.

करायला सहा महिने लागले. तो मान्य व्हायला तीन वर्षं. तापवून पाहिला, भिजवून पाहिला, हादरवून पाहिला. शेवटी साठ भोंग्यांची पहिली मागणी आली. गुरुवारी तपासणीला रेल्वेचे साहेब येणार होते. त्या दिवशी माल तयार नसला तर मागणी रद्द, आणि तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

त्याच्या आदल्या गुरुवारी एक भोंगा नांद्र्याजवळच्या फाटकावर लावून पाहायचं ठरलं. आपल्या गावच्या फाटकावर आपला भोंगा! पद्माक्का मुद्दाम ऐकायला गेली. उसाचा हंगाम ऐन भरात होता. फाटकावरच्या राहीबाईनं बटण दाबलं. लाल दिवे लुकलुकले, भोंगा वाजू लागला, दांडा खाली यायला लागला. आणि दोन ट्रॉल्या ऊस ओढत, गाणं लावून, एक ट्रॅक्टर सरळ चालत आला. राहीबाई लाल झेंडी घेऊन धावली. ट्रॅक्टरनं दांडा वाकवला, तेव्हा कुठं तो थांबला.

फाटक लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही, म्हणून गाडी लांबच उभी होती. तरी पद्माक्का धावतच ट्रॅक्टरपाशी गेली.

ट्रॅक्टरवर होता ज्ञानू, आटपाडीकडचा.

"डोळं कुठं हायती रं तुझं?" राहीबाई कडाडली.

"गाणं बदलत हुतो मावशी. चुकलं."

"आन् कान?" पद्माक्कानं विचारलं.

"कानाला काय झालंय?" म्हणत ज्ञानूनं गाणं बारीक केलं आणि दचकलाच. "आयला! ह्यो कवापासनं वाजतोय?"

पद्माक्कानं वर पाहिलं. टपावर लाल अक्षरं होती. बाळगोंडा साऊंड.

ती शेडवर आली तेव्हा फोरमन कृष्णात माल खोक्यांत भरत होता. कृष्णात साताऱ्याकडचा, पलटणीत सिग्नलचं काम करून निवृत्त झालेला. नियमाचा पक्का.

"खोकी उघड," ती म्हणाली आणि फाटकावरची हकीकत सांगितली.

"आवं अक्का, मीटरवर आवाज बरोबर भरतोय. त्यानं गाणं लावलं, ह्यात आपला काय गुन्हा?"

"बॉक्स कुणाचा हाय?"

कृष्णातनं हातातलं खोकं खाली ठेवलं. "मग बॉक्स करायचं बंद करू."

"आपण सोडलं तर दुसरा करील. भोंगाच त्याच्यावर चढला पायजे."

आवाज वाढवून भागणार नव्हतं. नियमात त्याला वरची हद्द होती. आपल्या बॉक्सची ताकद पद्माक्काला ठाऊक होती. भोंग्याचा सरळ, एकसुरी आवाज गाण्यात मिसळून जायचा, ओढ्याचं पाणी नदीत जावं तसा. म्हणून तो मोडला पाहिजे. खालचा सूर, मग वरचा, मग एका श्वासाची थांबण, की कान पुढच्याची वाट बघत राहील. असं करायला मनाई नाही ना, म्हणून तिनं नियमाचे कागद दोनदा वाचले. नव्हती.

दुसऱ्या दिवशी ज्ञानू आपण होऊन ट्रॅक्टर घेऊन आला. मनातून ओशाळला होता. अंगणात शेडकडं पाठ करून, गाणं लावून बसला. शुक्रवारी मागं शेडमध्ये भोंगा वाजला, त्याची मान वळली नाही. शनिवारीही नाही. रविवारी भोंगा वाजताच वळली. कृष्णातनं टाळी वाजवली.

"थांबा वो," ज्ञानू म्हणाला, "ह्यो वाजणार ते मला ठावं हाय. मान काय, मी सगळाच वळीन."

खरं होतं. ज्याला ठाऊक नाही असा माणूस पाहिजे होता. मग ज्ञानू साखर कारखान्याच्या रांगेतून एकेक ट्रॅक्टरवाला आणू लागला. "चल गड्या, अक्का बॉक्स तपासून देत्यात!" सोमवारी सकाळी पाच जण आले, तिघांनी मागं पाहिलं. पद्माक्कानं थांबण थोडी लांबवली. दुपारी सात आले, सातही वळले. मंगळवार-बुधवारी सगळे साठ भोंगे तिनं त्याच चालीवर आणले.

गुरुवारी साहेब आले. ऋषिराज नाव, तरुण, कपड्याची इस्त्री न मोडलेली. अंगणातलं गाणं ऐकून म्हणाले, "इथं कुणाचं लग्न आहे का?"

मीटरवर माल उतरला. साहेबांनी पेन काढलं.

"सायेब, एक राहिलं," पद्माक्का म्हणाली. तिचं ऐकायला त्यांना वाकावं लागलं. तिनं सगळं सांगितलं.

"ही चाचणी नियमात नाही, मॅडम. यात नापास झालात तर मला ते लिहावं लागेल."

"लिवा. पण फाटकावर कळण्यापरीस हितं कळू दे."

साहेबांनी साठातला एक भोंगा स्वतः बोट दाखवून निवडला. अंगणात वाईकडचा एक आडदांड ट्रॅक्टरवाला, इंजिन बंद, गाणं चालू, स्टेअरिंगवर बोटांनी ताल धरून बसला होता. कृष्णातनं बटण दाबलं.

खालचा सूर गेला. बोटं नाचतच होती. कृष्णातनं डोळे मिटले; पद्माक्कानं मिटले नाहीत. वरचा सूर गेला. थांबण आली.

बोटं थांबली. ट्रॅक्टर जागचा हललेला नव्हता, तरी त्या गड्याचा उजवा पाय ब्रेकवर गेला आणि पार तळापर्यंत दाबला गेला. मग त्यानं मागं वळून पाहिलं.

"फाटक पडलं काय रं?"

साहेब त्या पायाकडं बघत राहिले. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"कृष्णात, खोकी भर," पद्माक्का म्हणाली, आणि पाना घेऊन ट्रॅक्टरकडं निघाली. "ह्याला बॉक्स तपासायला बोलावलंय. डाव्या कर्ण्याची तार ढिली झालीया."