निळा रंग येईपर्यंत

चाचा पाण्याला भीत असत. नदीच्या किंवा विहिरीच्या नव्हे, काचेच्या नळीत घेतलेल्या दोन बोटं नितळ पाण्याला. रिसोडच्या ज्या दवाखान्यात माझ्या वडिलांचं डायलिसिस चालतं, तिथली चार मशीनं ते सांभाळायचे. मूळचे कारंज्याचे. नर्सपासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना तोंडावर चाचा म्हणत आणि पाठीमागे भेदरट चाचा. पाठीमागे म्हणणाऱ्यांत मीही होते, हे आधीच सांगून टाकते.

सोमवारी आणि गुरुवारी आम्ही खेड्यातून पहिल्या एसटीने यायचो. बाबा खाटेवर टेकेपर्यंत चाचा मशीनला जाणारं पाणी नळीत घ्यायचे, त्यात बाटलीतले दोन थेंब आणि चिमूटभर पूड टाकायचे आणि नळी खिडकीच्या उजेडात धरायचे. रंग निळा आला तर मशीन सुरू. लालसर आला तर पाण्यात चुना आहे, मशीन बंद. महिनोन्‌महिने निळाच यायचा, तरी ते नळी दोन-दोनदा उजेडात फिरवून बघायचे. एकदा मी म्हटलं, "चाचा, मशीनवर आकडा येतो ना, मग हा खटाटोप कशाला?"

"तो आकडा क्षार किती हाय ते सांगते," ते म्हणाले. "कोणता हाय ते नाई सांगत."

बारावीला क्षारांचे आयन मी पाठ केले होते. माझ्या लेखी ते परीक्षेतले दोन गुण होते. चाचांच्या तोंडून मात्र त्यांची भीती वाटायची. "मीठ पाण्यात टाकलं की गेलं असं वाटते. गेलं नाई बेटा, सुटं झालं. एक एक कण मोकळा फिरून राह्यला. दिसत नाई म्हून तर भेव." मशीनमध्ये बारीक जाळी असते. तिच्या एका अंगाला रक्त, दुसऱ्या अंगाला पाणी. जो क्षार जिकडे जास्त, तो तिकडून कमीकडे सरकतो. बाबांच्या रक्तात साठलेलं पोटॅशियम असंच पाण्यात उतरतं. पण पाण्यातच चुना जास्त असला, तर तोही तितक्याच बिनबोभाट रक्तात शिरतो. "जाळीले आपलं-परकं कळत नाई," चाचा म्हणायचे. एका बैठकीला सव्वाशे लिटर पाणी माझ्या बापाच्या रक्ताशेजारून वाहतं हे त्यांनी सांगितलं, त्या दिवशी घरी जाऊन मी तेवढ्या पाण्याच्या बादल्या मोजल्या.

बाबांना याचं काही नव्हतं. उभा जन्म एसटीचं स्टिअरिंग धरलेला माणूस. ते चाचांची खेचायचे, "आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाई, तरी आमी जिते हाओत ना. तुमी लय भेता बुवा."

"मी भेतो म्हून तुमी झोपता, ड्रायव्हरसाहेब," चाचा म्हणायचे, आणि बाबा खरंच घोरायला लागायचे.

मागच्या उन्हाळ्यात दवाखान्याची बोअर आटली आणि टँकर सुरू झाला. त्याच आठवड्यात नात्यातल्या लग्नापायी आम्ही सोमवारची बैठक चुकवली. मीच म्हटलं होतं, एका दिवसाने काय होतं. गुरुवारी बाबांचे पाय डब्बल सुजले होते आणि एका वाक्यात ते तीनदा थांबत होते. रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "पोटॅशियम फार वाढलंय. लगेच लावा." चाचांनी नळी उजेडात धरली. लालसर. पुन्हा घेतली. लालसरच. त्यांनी चारही मशीनं बंद केली.

मी त्यांच्यावर धावून गेले. वाशिमला फोन केला होता, तिथे मशीन रिकामं नव्हतं. "तुमच्या भित्रेपणापायी माझा बाप मरेल," मी सगळ्यांदेखत ओरडले.

"मरू शकते," चाचा म्हणाले. "पण या पाण्यावर लावलं तरी मरू शकते. मीठ आण बेटा. खडे मीठ. मिळंल तेवढं."

पाण्यातला चुना धरून ठेवणारी मण्यांची एक टाकी असते. मणी चुन्याने भरले की त्यांच्यातून मिठाचं पाणी सोडावं लागतं. मीठ चुन्याला उठवतं आणि त्याच्या जागी बसतं. टँकरच्या जड पाण्याने मणी नेहमीपेक्षा लवकर भरले होते आणि मिठाचं पोतं संपलं होतं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, थोडा वेळ मिळेल म्हणाले. दोन वर्षं बापाच्या ताटातलं चिमूटभर मीठ काढून घेणारी मी रिसोडच्या बाजारात दुकानादुकानातून मीठ गोळा करत पळत होते.

दीड तास लागला. नळी आधी जांभळी झाली. मी म्हटलं, "चालेल ना?" चाचांनी टाकीतून आणखी पाणी सोडलं. मग निळी. बाबा मशीनवर गेले, आणि तासाभराने त्यांचा श्वास जरा मोकळा झाल्यावर मी बाहेर आले, तर चाचा जिन्यावर बसलेले, रिकामी नळी हातात. मी माफी मागितली. ते त्यांच्याच तंद्रीत म्हणाले, "अगुदर ज्या दवाखान्यात होतो तिथं एक दिवस मी नाई पाह्यलं पाणी. रोज निळंच येते म्हून. एक बाई होती. डोकं दुखते म्हणे, मंग ओकाऱ्या. वाचली. पण पुन्हा मशीनवर बसाले तयार नाई झाली. भेली. महिन्याभरात गेली."

दिवाळीनंतर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका सकाळी नळी माझ्यापुढे धरून म्हणाले, "सांग बरं, कोणता रंग?" मी म्हटलं, निळा. "मले करडा दिसून राह्यला." कोणी जा म्हटलं नव्हतं. त्याच दिवशी ते डॉक्टरांना सांगून कामातून मोकळे झाले आणि कारंज्याला लेकीकडे गेले.

पण सोमवार-गुरुवार साडेआठला त्यांचा फोन यायचा. "पाह्यलं का?" मी नव्या तंत्रज्ञाच्या हातातली नळी बघून सांगायची, "पाह्यलं. निळं." की फोन बंद.

गेल्या सोमवारी एसटी उशिरा पोचली. मी केसपेपर काढून येईपर्यंत बाबांना मशीन लावलेलं होतं. तेवढ्यात फोन वाजला आणि मी सवयीने बोलून गेले, "पाह्यलं. निळं." ठेवल्यावर तंत्रज्ञाला विचारलं. तो म्हणाला, "आज राह्यलं ताई. पण आकडा तर बरोबर हाय."

मशीनच्या लाल नळीतून बाबांचं रक्त फिरत होतं. मी त्याला तिथेच तपासायला लावलं. पूड विरघळायला दोन-चार सेकंद लागले असतील. तेवढ्यात बाबांचं डोकं दुखल्याचं, ओकारी आल्याचं, सगळं मी मनात पाहून घेतलं. पाणी निळं होतं. बाबा शेजारच्या पेशंटशी निवडणुकीवर बोलत होते.

मी जिन्यावर जाऊन फोन लावला. "चाचा, मघाशी मी खोटं बोलले. पाहिलं नव्हतं."

त्यांनी विचारलं, "आता भेव वाटून राह्यलं का?"

"हो. अजून वाटतंय."

"मंग ठीक हाय," चाचा म्हणाले. "आता मी फोन नाई करत."

आज गुरुवार. साडेआठ वाजून गेले, फोन आला नाही. नळी मी उजेडात धरली आहे.