रुमाल हलला तेव्हा

मावशी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते. मी वरच्या मजल्यावर नोंदणीच्या खिडकीत बसते. ती माझ्या आईच्या वयाची, पण आमची गट्टी आहे. साहित्याची पदवी घेऊन इथे काय करतेस, असं तिने मला कधी विचारलं नाही. तेवढ्यावरच ती मला आवडली.

सगळे तिला ओळखतात ते अकॉर्डियनमुळे. कर्मचाऱ्यांच्या विविधरंगी कार्यक्रमात साथ तिचीच असते. कार्यक्रम चालवतो तिचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, इस्पितळाचा भांडारप्रमुख. बाजाही त्याचाच. त्याला तो कधी वाजवता आला नाही. ती लहानपणी चोरून शिकली. आजही बाजा त्याच्या कपाटात असतो आणि किल्ली त्याच्या खिशात. वाजवायचा तर मागून आणायचा.

कार्यक्रमाची एक रीत आहे. कोणी लांबण लावली की दादा पडद्याआडून रुमाल हलवतो. रुमाल हलला की मावशी जोरात धून सुरू करते. बोलणारा कितीही रंगात आलेला असो, त्याला गाशा गुंडाळावाच लागतो.

यंदा पाहुण्या म्हणून एक लेखिकाबाई होत्या. बायकांच्या कष्टांवर आणि हक्कांवर लिहिणाऱ्या. त्यांच्या आधी विनोदवीर, म्हणजे आमचा रुग्णवाहिकेचा चालक. त्याने बायको, मेव्हणी, कोणालाच सोडलं नाही.

"आमची ही बोलायला लागली की रस्त्यावरच्या गाड्या आपोआप बाजूला होतात. भोंगा लावायची गरजच नाही!"

लोक हसून लोटपोट. त्याने दुप्पट वेळ खाल्ला. रुमाल हलला नाही.

मग लेखिकाबाई वाचू लागल्या. घरातली कोणती वस्तू कोणाची, यावर लेख होता. घर त्याचं, झाडते ती. कपाट त्याचं, आवरते ती. "आजारपण तेवढं तिच्या एकटीच्या मालकीचं," असं त्यांनी वाचलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या परिचारिका खळखळून हसल्या.

रुमाल हलला.

मावशीची बोटं पट्ट्यांवर होती. ती तशीच राहिली. रुमाल पुन्हा हलला. शेवटी दादाच पडद्याच्या कडेला आला. मी पहिल्या रांगेत होते, मला सगळं ऐकू आलं.

"वाजव की! झोपलीस काय?"

"त्यांचं संपू दे."

"लोक कंटाळलेत."

"ड्रायव्हरच्या वेळी तुझा हात दुखत होता का, दादा?"

"जास्त शहाणपणा नको. वाजव, नाहीतर बाजा दे इकडे. पुन्हा हात लावायचा नाही."

मावशीला दुसरा विरंगुळा नाही. धुलाईघर, घर, आणि हा बाजा. मला वाटलं, आता वाजवेल.

तिने खांद्यावरून एक पट्टा उतरवला. मग दुसरा. भाता मिटवला, कडी लावली आणि बाजा दादाच्या हातात ठेवला. वजनाने तो वाकलाच.

"सांभाळून ने," ती म्हणाली. कुजबुजून नाही. साऱ्या सभागृहाला ऐकू गेलं.

लेखिकाबाईंनी शेवटचं पान सावकाश वाचलं.

यादीत पुढे मावशीचीच एकटीची धून होती. चालक लगबगीने माइककडे निघाला.

"मावशी, मी भरून काढतो वेळ. माझी सासू अजून शिल्लक आहे."

"असू दे बिचारी. तू खाली बस."

तो परत जागेवर जाऊन बसला. मावशी माइकसमोर उभी राहिली. रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला कळेना. तिने ते कमरेवर ठेवले.

"बाजा दादाचा होता, त्याने नेला. धून मी बसवलेली आहे. ती मी तोंडाने म्हणते."

तिला गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. आवाज घोगरा, इस्त्रीच्या वाफेत बसलेला. वरच्या सुरावर तो फाटला. मागून कोणीतरी खिदळलं.

मावशी थांबली. त्या दिशेला नीट बघून घेतलं. मग पहिल्यापासून सुरू केलं, आणखी वरच्या पट्टीत.