अण्णांना खांदा द्यायला लाल जर्सी

मंडळी, आत्ताच स्मशानातून घरी आलोय.

आमच्या काळेवाडी फुटबॉल टीमचे मॅनेजर अण्णा सकाळी अटॅकने गेले. काल प्रॅक्टिसला आम्हाला झापत होते राव!

दुपारी पिंपळे सौदागरशी सेमीफायनल होती. त्यांच्यात आणि आमच्यात विस्तव जात नाही. आम्ही मॅच सोडून अंत्ययात्रेला गेलो. म्हणजे नियमाने ते आपोआप फायनलला.

खांदा बदलताना शेजारी लाल जर्सी दिसली. पिंपळे सौदागरची अख्खी टीम!

"अरे, तुमची मॅच?"

त्यांचा कॅप्टन म्हणाला, "सोडली. लाइनवरून अण्णांच्या शिव्या नाहीत, तर कसली मॅच भावा?"

ग्राउंडवर म्हणे पंच एकटाच शिट्टी घेऊन उभा होता. दोन्ही टीम बाद.

खरं सांगा, समोरच्या टीमच्या मॅनेजरसाठी तुम्ही सोडली असती फायनल? मी नसती सोडली.