खाकी कव्हरांचं ग्रंथालय

पुस्तकं वाचण्यासाठी असतात, यावर अजिबात विश्वास नसलेले जगातले एकमेव ग्रंथपाल आमच्या नाशिकच्या शाळेत होते. सत्तरच्या दशकात मी तिथे मराठी शिकवायचो, त्यामुळे त्यांचा कारभार अगदी जवळून पाहिला. ग्रंथालयाच्या दाराशी पाण्याचा माठ असे, पण पिण्यासाठी नव्हे. हात धुतल्याशिवाय आत प्रवेशच नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी भजी खाऊन कपाटाकडे मोर्चा वळवला, तर सरांनी वाट अडवून नम्रपणे सांगितलं, "साहेब, आधी हात." साहेबांनी मुकाट्याने धुतले. प्रत्येक पुस्तकाला सर स्वतः खळ लावून खाकी कव्हर घालत आणि वर फक्त क्रमांक टाकत. कपाट उघडलं की होमगार्डची परेड उभी! "यातलं कुठलं काय, हे मुलांना कळणार कसं?" असं मी विचारलं, की म्हणायचे, "मला कळतं ना? मग झालं."

पुढे नव्या मुख्याध्यापिका आल्या आणि दिवाळीच्या सुट्टीत मुलांना पुस्तकं घरी न्यायला द्या, असं त्यांनी फर्मान काढलं. सरांना ती दिवाळी गोड लागली नाही. चकलीचा हात कुठल्या पानावर पडला असेल, याचाच घोर.

शाळा उघडली, पुस्तकं परत आली. आलं नाही ते फक्त पक्ष्यांचं, सरांचं सगळ्यात लाडकं. ते नेणारी मुलगी मामाकडे राहून शिकायची. सुट्टीत गावी, सायखेड्याला गेली ती परतलीच नव्हती. "गेलं हो," एवढंच सर म्हणायचे. कपाटं पुन्हा कुलपात टाकावीत, असं बाईंनाही वाटू लागलं.

आणि एका सकाळी ती दारात उभी. आधी तिने माठाशी जाऊन हात धुतले, मग पुस्तक काढलं.

"सर, घरी कांद्याची लागण होती. आन् आळीतली पोरं पुस्तक सोडंनात. पण समद्यांचे हात धुवून घेतले मी."

सरांनी पान न् पान उलटून पाहिलं. एकही डाग नव्हता. केवढा सुस्कारा सोडला त्यांनी! माझाही जीव भांड्यात पडला. कव्हर मात्र फाटून लोंबत होतं. सरांनी सवयीने नवा खाकी कागद ओढला, तशी ती म्हणाली, "नका ना घालू, सर. वरचा खंड्या झाकून जातो मंग."

स्वतःच घातलेल्या कव्हराखालचा, मुखपृष्ठावरचा तो निळा पक्षी सरांनीही कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. ते बराच वेळ बघत राहिले. मग उठले आणि शेजारच्या पुस्तकाचं कव्हर काढायला बसले.

सरांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी मात्र पुस्तक उघडण्याआधी अजून हात धुतो.