थंड गाडीचा पंचनामा

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. इंदिरानगरात राहतो, सकाळी फिरायला जातो, आणि वाटेत कुणाची जुनी गाडी बंद पडलेली दिसली की थांबतो. मला गाडीतलं फारसं कळत नाही. तरी थांबतो, कारण एक प्रकरण अजून मनातून उतरलेलं नाही. त्यात मी एका माणसाला जवळजवळ भावाचा मारेकरी ठरवलं होतं, आणि तेही त्याची गाडी पहिल्या किल्लीला चालू होते म्हणून.

तेव्हा मी इगतपुरीच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. भाताचा मुलूख, डोंगरातली गावं, आणि गावागणिक बांधाचे तंटे. मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या हद्दीतला साठीचा एक शेतकरी नाशिकच्या दवाखान्यात वारला. छातीत दुखू लागल्यावर धाकट्या भावानं त्याला आपल्या जुन्या पेट्रोल गाडीत घातलं होतं. मागच्या सीटवर थोरल्याची बायको नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. गाव सोडून हमरस्त्याला लागण्याआधी एक लांब चढ आहे. त्या चढावर गाडी बंद पडली ती पडलीच. मोबाइलला रेंज नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अर्ध्या तासानं एक टेम्पो आला, त्यात थोरल्याला आणि त्याच्या बायकोला बसवून पाठवलं. दवाखान्यात पोचल्यावर पाव तासात सगळं संपलं. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, आणि हद्द आमची म्हणून कागद आमच्याकडे आले.

तिसऱ्या दिवशी मयताचा मुलगा माझ्यापुढे येऊन बसला. तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होता. त्या दुपारी कामावरून परस्पर दवाखान्यात गेलेला.

"साहेब, काकांनी गाडी मुद्दाम थांबवली," तो म्हणाला. "बांधावरून सहा वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. माझ्या बापाला मारायला त्यांना हातसुद्धा लावावा लागला नाही."

दुःखातला माणूस काहीही बोलतो. मी त्याचा जबाब घेतला आणि बाजूला ठेवला. पण त्याच संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला. आवाज गावाकडचाच होता. "गाडी बघा त्याची. भाऊ टेम्पोत घातला नि गाडी लगीच चालू. सगळ्या गावाला ठावं हाय."

निनावी फोनवाल्याला सत्याची चाड क्वचितच असते, पण बातमी बहुतेक वेळा खरी असते. मी धाकट्याला बोलावलं. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस.

"टेम्पो गेल्यावर गाडी चालू झाली?"

"झाली, साहेब."

"किती वेळानं?"

"टेम्पो वळणाआड गेला. मी चाकापाशी बसून राह्यलो व्हतो. मग उठलो, किल्ली मारली, लागली."

"आणि त्याआधी अर्धा तास?"

"त्याआधी नाय लागली. सेल्फ फिरायचा नुसता. इंजिन पकडत नव्हतं."

"भाऊ गेल्याबरोबर बरं पकडलं!"

त्यानं मान खाली घातली. "ते मला कळलं असतं तर काय पायजे व्हतं, साहेब."

हा माणूस स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट एका दमात कबूल करत होता. गुन्हेगार असं करत नाही. हे मला तेव्हाच जाणवायला हवं होतं. पण पोलिसाला एक खोड असते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे त्याला पटत नाही. फांदी तुटली म्हणजे कावळ्याला धरा. सहा वर्षांचं वैर, अर्ध्या तासाचा खोळंबा आणि मग चालू झालेली गाडी, एवढं माझ्यापुढे होतं. मी गाडी जप्त करून ठाण्याच्या आवारात लिंबाखाली लावली आणि पंचांसमक्ष किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्याला चालू. 'वाहन सुस्थितीत', असं मी माझ्या हातानं लिहिलं.

पुढे आठवडाभर रोज सकाळी हजेरी झाली की मी ती गाडी चालू करून बघत होतो. रोज चालू व्हायची. आणि रोज दहा वाजता धाकटा चौकशीला येऊन बाहेरच्या बाकावर बसायचा. मी त्याला बांध विचारला, मोजणी विचारली, सहा वर्षांपूर्वीची मारामारी विचारली, वहिनीशी कसं होतं, पुतण्याशी कसं होतं, सगळं विचारलं. जबाब अकरा पानांचा झाला. वहिनीला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "भावजी किल्ली फिरवीत व्हते नि रडत व्हते. मला गाडीतलं काय कळतंय?" रडणं खोटंही असू शकतं, असं मी मनाशी म्हटलं. लाज वाटते, पण म्हटलं.

दहाव्याच्या दिवशी तो बाकावर दिसला तेव्हा मी चकित झालो. सख्ख्या भावाचा दहावा सोडून हा इथे?

"गेलो व्हतो," तो म्हणाला. "पोरानं घाटावरून परत लावलं. म्हनला, तुमच्या हातचं पाणी माझ्या बापाला नको."

त्या दिवशी मी त्याला काही विचारलं नाही. वरिष्ठांना अहवाल द्यायला तीन दिवस उरले होते, आणि गुन्हा दाखल करावा असं माझं मत जवळजवळ झालं होतं.

अकराव्या दिवशी आमच्या जीपचा क्लच बघायला जिल्ह्याच्या मोटार विभागातले एक हवालदार आले. निवृत्तीला आलेले, हाताच्या रेषांत ग्रीस मुरलेलं. मी गाडी चालू करून बंद केली, ते त्यांनी जीपखालून पाहिलं.

"साहेब, ही रोज सकाळीच बघता काय?"

"हो. हजेरी झाली की."

"मग रोज चालूच होणार." ते हात पुसत बाहेर आले. "माणूस तापला की वाकडं बोलतो, म्हणून त्याला गार करून विचारायचं. गाडीचं उलटं असतंय. ती गार असली की खोटं बोलती. हिला तापवून विचारा."

मला हसू आलं, आणि लगेच ओसरलं. दहा दिवस आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा माझा कारभार चालला होता. माणसाची उलटतपासणी अकरा पानं, आणि गाडीची एक ओळ.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे बाराव्या दिवशी, दुपारी आम्ही निघालो. धाकट्यालाच चालवायला बसवलं, शेजारी हवालदार, मागे मी, एक पंच, आणि मुद्दाम बोलावून घेतलेला पुतण्या. दुसरा पंच मागून जीपमध्ये. पुतण्यानं डोक्याचं मुंडण केलेलं, काकाकडे बघत नव्हता. ठाण्यातून गावात आलो, गावातून चढ चढलो. गाडी सुरळीत वर गेली.

"बघा, साहेब," पुतण्या म्हणाला.

धाकट्याच्या मानेवरचा घाम मला मागून दिसत होता. मी मनात गुन्ह्याचं कलम जुळवायला लागलो होतो. तेवढ्यात हवालदारांनी त्याला सहज विचारलं, "त्या दिवशी भावाला घ्यायच्या आधी गाडी कुठं उभी होती?"

"उभी कुठं? नुकतीच नाशिकहून आली व्हती. पोरीला परीक्षेला सोडून आलो, दारात लावली, नि वहिनीची हाक आली. तसाच निघालो."

अकरा पानांत हे कुठेच नव्हतं. त्यानं लपवलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

मग आम्ही सरळ नाशिकच्या वेशीपर्यंत गेलो आणि भर उन्हात परत फिरलो. गावात त्याच्या दारात दहा मिनिटं गाडी लावली, आणि पुन्हा चढाला लागलो. अर्ध्या चढावर, कुणी हात घालून किल्ली काढून घ्यावी तशी, गाडी बंद पडली. ना धक्का, ना आवाज. धाकट्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून वर धरले. मी काही केलं नाही, हे दाखवायला.

"किल्ली मारा," हवालदार म्हणाले. सेल्फ फिरला. इंजिनानं पकडलं नाही.

त्यांनी बॉनेट उघडलं. गाडीला चालायला दोनच गोष्टी लागतात, पेट्रोल आणि ठिणगी, असं ते आम्हाला शाळेतल्या मास्तरांसारखं सांगत होते. आधी पेट्रोलचा पाइप काढून दाखवला. पेट्रोल येत होतं. तो नीट बसवून, सांडलेलं पुसून घेतलं. मग प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि सेल्फ मारायला लावला. ठिणगी नाही. दोनदा, तीनदा. नाही. शेवटी त्यांनी मुठीएवढ्या एका गोल डबीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"ही कॉइल. ठिणगी हिच्यातून येते. म्हातारी झालीय. तापली की करंट सोडते, गार झाली की परत धरते. म्हणून सकाळी तक्रार नाही." मग त्यांनी पुतण्याकडे पाहिलं. "त्या दिवशी अर्धा तास उभी राहिली, गार झाली, म्हणून चालू झाली. टेम्पो गेला म्हणून नाही."

पुतण्यानं पुढे होऊन त्या डबीवर स्वतःचं बोट ठेवून बघितलं. चटका बसला तरी क्षणभर तसंच ठेवलं.

हवालदारांनी खिशातला फडका काढला, मागच्या सीटवरची माझी पाण्याची बाटली मागितली, फडका भिजवून कॉइलवर गुंडाळला आणि थोडं थोडं पाणी सोडत राहिले. मी घड्याळ लावलं. सात मिनिटांनी किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली. पुढे नवी कॉइल बसवून आम्ही हाच फेरा दोनदा मारला, तेव्हा गाडी एकदाही थांबली नाही. पंचनाम्यात ते सगळं आहे. त्यानंतर जे झालं ते पंचनाम्यात नाही.

मला वाटलं होतं, धाकटा सुटलो म्हणून रडेल, हात जोडेल. तो त्या ओल्या फडक्याकडे बघत उभा होता.

"सात मिनिटं," तो म्हणाला. "त्या दिवशी बाटली व्हती गाडीत. भरलेली. वहिनी त्याच्या व्हटाला पाणी लावीत व्हती." मग तो माझ्याकडे वळला. "साहेब, फडकं टाकलं असतं तर माझा भाऊ वाचला असता का?"

इतकी वर्षं मी लोकांना प्रश्न विचारले, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. हवालदार बॉनेटमध्ये वाकले ते वर बघेनात.

"नाय, काका." पुतण्या बोलला. घाटावरून परत लावल्यानंतर पहिल्यांदाच तो काकाशी बोलत होता. "कायच उपेग नव्हता. बाबा रस्त्यातच गेले व्हते. मी व्हतो ना दवाखान्यात. मला डॉक्टरांनी सांगितलं."

माझ्या हातात फाईल होती, आणि फाईलमध्ये त्याच पोराचा सहीनिशी जबाब होता. वडिलांना आणलं तेव्हा श्वास चालू होता, त्यांनी माझा हात धरला, असं त्यानं मला सांगितलं होतं. मी तो जबाब स्वतः लिहून घेतला होता. पोरानं माझ्याकडे पाहिलं. मी फाईल काखेत घातली आणि जीपकडे बघितलं.

"उद्या तेरावं हाय," तो काकाला म्हणाला. "सकाळी लवकर या."

धाकट्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. गाडी तशीच ठाण्यात न्यायची होती. पुतण्या आपणहून पुढच्या सीटवर, काकाच्या शेजारी जाऊन बसला.

त्याआधी, मी जीपकडे जाताना, मला थांबवून तो हळूच म्हणाला होता, "साहेब, माझा तो जबाब..."

"फाईलमध्ये आहे. फाईल कपाटात राहील," मी म्हणालो.

"आईला मी सांगतो काय बोलायचं ते."

गुन्हा दाखल झाला नाही. अकस्मात मृत्यूची चौकशी बंद करण्याचा अहवाल मी पाठवला आणि तो मान्य झाला. त्यानंतर माझ्या हाताखालच्या कुणीही 'पाहणी केली' असं लिहून आणलं की मी विचारायचो, केव्हा केली? सकाळी की दुपारी? पोरं मागे हसायची, साहेबांना वेळेचं वेड लागलंय म्हणायची. मी हसू दिलं.

नोकरीत मी खोटे जबाब पुष्कळ पकडले. ते माझं काम होतं आणि मला त्यात गती होती. त्या दुपारी चढावर एक पुतण्या माझ्यासमोर धडधडीत खोटं बोलला, पुरावा माझ्या काखेत होता, आणि मी तो पकडला नाही. याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. 'वाहन सुस्थितीत' या दोन शब्दांचा मात्र अजून होतो.