वच्छलेचा अंगठा

वच्छला रामटेके आमच्या ऑफिसात टायपिस्ट. नागपुरातल्या जरीपटक्याची. अकरा वर्षं साहेबलोकांची पत्रं टाइप केली, पण कोणाचा स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही. मी बाजूच्याच टेबलावर आवक-जावक पाहायचो, म्हणून सांगतो.

अठ्ठ्याऐंशीत युनिक्सवालं मोठं कॉम्प्युटर आलं, अन् ते आमच्या प्रिंटरले ओळखेच ना. त्यासाठीचा प्रोग्राम पुण्याहून आला, तोही कागदावर, चाळीस पानं. तो टाइप करायचा, त्यावरून मशीनकडूनच चालता प्रोग्राम बनवून घ्यायचा, मंग बसवायचा. चंपतराव साहेबानं वच्छलेले कामाले लावलं.

"बाई, शनिवारपर्यंत छापून दाखवा. नाहीतर मुंबईचा माणूस बोलावतो, तुम्ही परत टायपिंगले."

तिले कॉम्प्युटर भलतंच आवडलं होतं. परत जायचं नाव काढलं की तोंड उतरे.

सारं टाइप झालं. बनवायचा हुकूम दिला तं मशीन म्हणे, प्रोग्राम कसा बनवायचा ते सांगणाऱ्या कृतीच्या फाइलीत तिसऱ्या ओळीवर खूण नाही, थांबलो. मी कागद वाचे, ती पडद्यावर बोट फिरवे. अक्षर न अक्षर बरोबर! मले तं मशीनचीच चीड आली.

शनिवारी तिनं मशीनसोबत आलेली तशीच एक फाइल उघडली अन् कर्सर फिरवला. ओळीच्या सुरुवातीची कोरी जागा त्यानं एकाच उडीत पार केली. तिच्या फाइलीत मात्र पाच पावलं.

"अवं माय! रुपरावभाऊ, इथं टॅब पायजे होता. माह्या अंगठ्यानं पाच जागा मारल्या! दिसाले दोन्ही कोरंच, पण मशीनले टॅबचीच खूण लागते!"

जरीपटक्याच्या टायपिंग क्लासात मशीनची टॅबची कळ तुटकी होती. मास्तर म्हणत, त्याच्याऐवजी स्पेसच्या पट्टीवर पाच वेळा अंगठा मारा. तीच सवय.

दहा ओळी सुधारल्या. प्रोग्राम बनला, बसला, प्रिंटर खडखडत छापू लागला. साहेबानं विचारलं, काय चुकलं होतं? या बाईनं खरं ते सांगून टाकलं. झालं! साहेबानं वरच्या ऑफिसले पाठवायचा अहवाल खरडला, 'टंकलेखिकेच्या चुकीने काम अडले. तिला टायपिंगला परत पाठवावे.' अन् टाइप करायले दिला कोणाले? तिलेच.

तिनं टाइपरायटरवर कोरा कागद चढवला. मंग टाइप केलं, 'टंकलेखिकेने चूक शोधून काम पूर्ण केले. तिला कॉम्प्युटरवरच ठेवावे.'

साहेबानं नेहमीसारखी न वाचताच सही ठोकली. जावक रजिस्टरात कागद मीच चढवला, अन् तोंडातून ब्र काढला नाही.